डाल्यावरची खोली

भद्रावतीच्या जहीर मनियारला दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. एक त्याचा हात. बांगडी भरताना फुटली तर नुकसान मनियारचं, असा या धंद्याचा नियम, आणि जहीरच्या हातून ती क्वचितच फुटायची. दुसरी त्याची झोप. म्हणजे झोप चांगली लागते याचा नव्हे, ती कुठेही लागत नाही याचा. "आपल्याले कुठीही पडलं अन् झोप लागली, असं जमत नाई," हे तो अशा काही ऐटीत सांगायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं हा माणूस चुकून बांगड्या विकतो आहे, याची जागा खरं म्हणजे एखाद्या नवाबाच्या पलंगावर होती.

महिन्यातले अर्धे दिवस तो आपली जुनी मेटॅडोर घेऊन गडचिरोलीच्या जंगलात असायचा. चामोर्शी, आलापल्ली, एटापल्लीचे बाजार करायचा आणि मधल्या दिवसांत आतल्या गावांत शिरायचा. गाडीच्या मागच्या उघड्या डाल्यावर बांगड्यांच्या पेट्या आणि पेट्यांवर ताडपत्री. मालाची व्यवस्था चोख होती. मालकाची मात्र कुठेच धड सोय होत नाही, अशी मालकाची तक्रार होती, आणि ती ऐकून ऐकून भद्रावतीच्या चहाच्या टपरीवरची माणसं कंटाळली होती.

लॉजमध्ये ढेकूण. ढेकूण परवडले, पण पलीकडच्या खोलीत ठेकेदार पत्ते कुटत बसतात. सरकारी रेस्ट हाऊसचा चौकीदार फाटकातूनच विचारतो, तुम्ही कोणत्या साहेबाचे. मशिदीच्या मुसाफिरखान्यात गादी चांगली, पण फजरच्या नमाजाला हलवून उठवतात. जहीर दीनदार होता, पण एवढ्या लवकर नाही. एसटी स्टँडवर बाक आहे, पण बाकाखाली कुत्री आणि बाकावर दारुडे, आणि दोघांच्या मध्ये आपण काय म्हणून झोपायचं, हा त्याचा सवाल होता. सगळ्यांना नावं ठेवून झाली की गाडी कोसमटोल्याच्या लच्छूच्या ओसरीवर यायची.

ही ओसरी म्हणजे जहीरचं लग्न व्हायच्या आधीपासूनचं मुक्कामाचं ठिकाण. लच्छू गोंड शेतकरी. धानाची थोडी बांधी आणि बाकी जंगलातला मोह, तेंदू, डिंक. जहीरची गाडी आली की तो खाट बाहेर काढायचा, शेकोटी पेटवायचा. त्याची बायको बुधरी भात आणि अंबाडीची भाजी पानावर वाढायची. कोंबडं कापायचं असलं तर लच्छू न सांगता सुरी जहीरच्या हातात द्यायचा, म्हणजे पाहुण्याला खाता येईल. त्यांची पोर दीपिका. तिच्या हातात पहिल्या बांगड्या जहीरनेच भरल्या होत्या, ती रांगत होती तेव्हा. तुझ्या लग्नाचा चुडाही मीच भरणार, हे तो तिला दर खेपेला सांगायचा, आणि एवढी एक गोष्ट तो अगदी मनापासून बोलायचा. बाकी टपरीवर आला की हाच गृहस्थ सांगायचा, लच्छूची बकरी पहाटे कान चाटते, मोहाच्या वासानं डोकं धरतं, आणि लच्छू खोकतो इतका की आपण खोकल्यासारखं वाटतं. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या बकरीची अशी बदनामी करताना त्याला कधी लाज वाटली नाही.

हे सगळं पुराण त्याला तोंडपाठ असण्याचं आणखी एक कारण होतं. ते घरीही उपयोगी पडायचं. त्याची बायको कमरजहाँ वरोऱ्याच्या मनियाराची मुलगी. माहेरी लहानपणापासून बापाच्या शेजारी बसून तिने बायकांचे हात हातात घेतले होते, आणि खरं सांगायचं तर तिचा हात जहीरपेक्षा हलका होता. हे जहीरला ठाऊक होतं, म्हणून तो विषय तो काढत नसे. लग्न झालं त्या वर्षापासून ती म्हणत होती, एकदा मलाही घेऊन चला, मीही बांगड्या भरीन, तुम्ही जाता ती गावं मीही बघीन. तिनं असं म्हटलं की जहीर लॉजपासून सुरुवात करायचा आणि बकरीपर्यंत यायचा. बाईमाणसाची सोय नाही, काय करणार. कमरजहाँ ऐकून घ्यायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारायची.

मग साल दोन हजारच्या सुमारास वरोऱ्याच्या अलीकडे हमरस्त्यावर एका गोऱ्या जोडप्याची गाडी बंद पडली. गाडी ट्रकसारखी, आणि तिच्या डाल्यावर चक्क एक खोली बसवलेली. जहीरने त्यांना मिस्त्री आणून दिला. त्यांनी खूश होऊन त्याला आत बोलावून कॉफी पाजली. आत पलंग होता, शेगडी होती, खिडक्यांना पडदे होते, भिंतीतून निघणारं टेबल होतं. जहीर कॉफी प्यायला विसरला. घरी आला तो जेवला नाही, नुसता बोलत राहिला. पुढे टपरीवर त्याने हा विषय इतका लावून धरला, की लोक पैजा लावू लागले, आज हा किती वेळात त्या गोऱ्याच्या पलंगावर येतो.

कमरजहाँ मात्र मन लावून ऐकत होती. गाडीवरच खोली असली तर लॉज नको, रेस्ट हाऊस नको आणि बकरीही नको. म्हणजे इतकी वर्षं ज्या दगडाला ती अडखळत होती तो दगडच रस्त्यातून गेला. ती म्हणाली, करूनच टाका. आणि खिडक्यांच्या पडद्यासाठी फुलाफुलांचं कापड आणून शिवायलाही बसली.

खोली बांधली मुबीन वेल्डरने. मुबीन जहीरचा लहानपणचा दोस्त आणि काम उत्तम, पण गिऱ्हाइकाने जे सांगितलं ते बिनबोभाट करणारा. जहीर रोज त्याच्या कारखान्यात जाऊन बसायचा आणि रोज काहीतरी नवीन काढायचा. एका भिंतीला बांगड्यांचे कप्पे. समोर आरसा. आरशावर बॅटरीचा बल्ब. गिऱ्हाईक बायकांना बसायला गादीचं स्टूल, आणि चढायला लोखंडी पायरी. बाया वर येतील, आरशात हात बघतील, शहरातल्या दुकानात आल्यासारखं त्यांना वाटेल. या सगळ्यातून जी जागा उरली तिच्यात पलंग बसवला. पलंग छान होता, फोमची गादी होती. फक्त त्यावर कूस बदलायची तर आधी उठून बसावं लागलं असतं.

खोली तयार झाली तेव्हा टपरी ओस पडली आणि सगळी माणसं मुबीनकडे जमली. कमरजहाँ पडदे घेऊन आली. पायरी चढून आत गेली, कप्पे पाहिले, आरसा पाहिला, पलंग पाहिला. घरात दोघांची बोली हिंदीकडची, पण टोमणा मारायचा असला की ती गावच्या मराठीत यायची.

"अन् मी कुठी झोपू जी?" तिने विचारलं.

मुबीन कुठलासा पाना शोधायला आत निघून गेला. जहीरने टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाला, या खेपेला माल जास्त आहे, पुढच्या खेपेला बघू.  शिवलेले पडदे कमरजहाँने खिडक्यांना नीट लावून दिले आणि ती घरी निघून गेली. पडदे छान दिसत होते.

जहीर निघाला. पहिल्या मुक्कामापासूनच खोलीने आपले गुण दाखवायला सुरुवात केली. पत्रा दिवसा तापायचा आणि पहाटे गारठायचा. जंगलखात्याच्या नाक्यावर गार्डने गादी उचलून खाली सागाच्या फळ्या आहेत का ते पाहिलं, मग पडदे सारून पाहिले, आणि इथे झोपतं कोण असं दोनदा विचारलं. एरवी ताडपत्रीखालच्या पेट्यांकडे त्याने कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला कप्प्यांतून किणकिणाट व्हायचा आणि जहीरच्या काळजात कळ यायची. पण समोरून येणाऱ्या एसटीचा ड्रायव्हर मान काढून बघायचा तेव्हा जहीर सगळं विसरून जायचा.

कोसमटोल्यात पोचला तेव्हा लच्छूने सवयीने खाट बाहेर काढून ठेवलेली होती. जहीरने गाडी ओसरीपाशी न नेता हातपंपाजवळच्या मोहाच्या झाडाखाली लावली, आणि मोठ्या दिमाखात सांगितलं, लच्छूभाऊ, आता खाटेचा त्रास नको, मी घरच सोबत आणलं आहे. लच्छूने घराकडे पाहिलं, जहीरकडे पाहिलं, आणि खाट उचलून आत ठेवली. थोड्या वेळाने बुधरी पानावर भात झाकून घेऊन आली. जहीरच्या स्टोव्हवर खिचडी रटरटत होती. तिने खिचडी पाहिली आणि भात परत नेला. जहीरला वाटलं, चला, बिचारीचे कष्ट वाचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पायरी लावली, पडदे अर्धवट सारले, बल्ब पेटवला आणि दुकान मांडलं. एरवी त्याने ओसरीवर पेटी उघडायचा अवकाश, की बायांचा गराडा पडायचा. आज बाया आल्या, पण हातपंपापर्यंत. तिथे उभ्या राहून एकमेकींच्या कानात बोलल्या, तोंडाला पदर लावून हसल्या आणि घागरी उचलून गेल्या. जहीरने आवाज दिला, आत या, आरसा आहे, गादी आहे. गादीचं नाव ऐकून त्या आणखी भरभर चालू लागल्या. दुपारपर्यंत तो स्टुलावर एकटाच बसून स्वतःला आरशात बघत होता.

आता इथे एवढं सांगितलं पाहिजे, की परक्या बाईचा हात हातात घेऊन दाबायचा, चोळायचा, बोटांची हाडं मऊ करायची आणि तिच्याशी हसून बोलायचं, हे गावात फक्त एकाच परक्या पुरुषाला चालतं आणि तो मनियार. तेही का चालतं, तर तो गावातल्या कुणाच्या तरी उघड्या ओसरीवर बसलेला असतो. समोर म्हातारी बसलेली असते, पोरं खेळत असतात, घरधनी खोकत असतो. तो रात्री झोपतोही त्याच ओसरीवर, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत. वीस वर्षं जहीरच्या हाताला कुणी नाव ठेवलं नाही त्यात जहीरच्या हाताचा वाटा थोडा होता, लच्छूच्या ओसरीचा जास्त. आणि हा शहाणा पलंगाच्या खोलीला पडदे लावून बायांना वर बोलावत होता. मनियाराच्या सात पिढ्यांत अशी चूक कुणी केली नसेल. ती करायला मेटॅडोर लागते.

शेवटी बुधरीच आली. ती पायरीजवळही आली नाही, जरा लांब उभी राहिली.

"जहीरभाऊ, ओसरीवर होता तवा तू आमचा पाव्हना होता," ती म्हणाली. "पाव्हन्यापाशी हात द्याले कोनाले भेव नाई. आता या डब्यात तू कोन हायेस?"

जहीर म्हणाला, मी तोच आहे. बुधरी म्हणाली, तू असशील तोच, पण आमच्या पोरी या डब्यात चढणार नाहीत. तो घाईघाईने म्हणाला, मग मी पेटी ओसरीवर आणतो. त्यावर तिने फार वाईट दिसणार नाही अशा बेताने सांगितलं, की काल आम्ही खाट काढली होती, ती तू आत ठेवायला लावली. गावाने पाहिलं. आता आज पेटी मांडली तर लोक म्हणतील, झोपायला याला आपलं घर लागतं आणि धंद्याला तेवढी लच्छूची ओसरी. मागे दीपिका उभी होती. जहीरने तिच्याकडे पाहिलं तर ती दुसरीकडे बघू लागली. याचं त्याला फार लागलं. कालपर्यंत हीच पोर गाडीचा आवाज ऐकून धावत यायची.

पुढच्या गावांत त्याच्याआधी बातमी पोचली होती. जंगलात फोन नव्हते, पण अशा बातमीला ते लागतही नाहीत. मनियाराने गाडीत पलंग टाकला आहे आणि बायांना वर बोलावतो, एवढंच पुरलं. एका गावात तर सुकलू पाटलाने त्याला अदबीने चहा पाजला आणि तितक्याच अदबीने गाडी गावाबाहेर लावायला सांगितली. जहीर नेलेला सगळा माल घेऊन परत आला. टपरीवर त्याने सांगितलं, आजकाल बायांना प्लास्टिकच्या बांगड्या लागतात, काचेचा जमाना गेला.

घरी हे चाललं नाही. कमरजहाँने दोन-चार प्रश्न विचारले आणि सगळं काढून घेतलं. ऐकून ती हसली नाही, हेच जहीरला जड गेलं. "तुम्ही बायांले बिछान्याच्या खोलीत बोलावलं?" एवढंच ती म्हणाली, आणि भाकरी थापत राहिली. तिला एका क्षणात जे समजलं ते याला पलंगाचं माप घेताना सुचलं नव्हतं.

होळीनंतर एसटीच्या कंडक्टरबरोबर कोसमटोल्याहून निरोप आला. दीपिकाचं लगीन ठरलं आहे. चुडा तुमच्याकडचाच पाहिजे, पण भरायला बाईला पाठवा. बाई येत नसेल तर एटापल्लीच्या बाजारातून भरून घेऊ.

 संध्याकाळी जहीर मुबीनकडे जाऊन विचारून आला, पलंग रुंद करता येईल का. मुबीन म्हणाला, करता येईल, पण कप्पे काढावे लागतील, आणि कप्पे काढायचे तर भिंत कापावी लागेल. लग्न होऊन पोरगी नांदायला जाईल तोवर. मग त्याने घरी येऊन मोठ्या मनाने जाहीर केलं, की कमरजहाँने पलंगावर झोपावं, तो पुढे ड्रायव्हरच्या सीटवर झोपेल. कमरजहाँ तोवर पिशवी भरून बसली होती. ती म्हणाली, मी एसटीने जाते.

"अन् राहशील कुठी?" जहीर सवयीने म्हणाला.

तिने पिशवी खांद्याला लावली. इतक्या वर्षांत हा प्रश्न ऐकून ती पहिल्यांदाच थांबली नाही.

काचेच्या पेट्या एसटीतून जात नाहीत, म्हणून माल घेऊन जहीरला जावंच लागलं. खड्डे चुकवत, नाक्यावर गादी उचलून दाखवत तो कोसमटोल्यात पोचला तेव्हा दुपार कलली होती. लच्छूच्या ओसरीवर मांडव घातलेला. बायांचा घोळका इतका, की मधोमध कोण बसलं आहे ते आधी दिसलं नाही. मग दिसलं. कमरजहाँ मांडी घालून बसली होती, आणि आल्या आल्या तिने म्हाताऱ्यांच्या हातांत पिशवीतून आणलेल्या चार-सहा डझन बांगड्या भरूनही टाकल्या होत्या. बुधरी तिच्या शेजारी बसून मोहाची फुलं निवडत होती आणि दोघी कशावरून तरी खळखळून हसत होत्या. जहीरने घरी आपल्या बायकोला असं हसताना कधी पाहिलं होतं ते त्याला आठवेना.

त्याने पेट्या उतरवल्या. कमरजहाँने चुड्याची पेटी उघडली आणि दीपिकाचा हात आपल्या हातात घेतला.

"हिचा चुडा मी भरनार होतो," जहीर म्हणाला.

 दीपिकाने आईकडे पाहिलं. बुधरीने मान खाली घालून फुलं निवडायला घेतली. कमरजहाँने काही हात थांबवला नाही. अंगठ्याखालचं हाड तिने हळूच दाबलं, हात चोळला, आणि पहिली हिरवी बांगडी मनगटावर अशी गेली की दीपिकाला कळलीसुद्धा नाही. मग दुसरी, मग तिसरी. जहीर मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. एकही फुटली नाही. फुटावी असं त्याला वाटलं, आणि असं वाटल्याची त्याला लाज वाटली. दोन्ही हात भरून झाल्यावर दीपिकाने वाकून कमरजहाँला नमस्कार केला, जसा मनियाराला करतात तसा. जहीरच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कुणी पाहिलं नाही, कारण त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं.

बाया थांबून राहिल्या होत्या, त्यांनी हात पुढे केले. कुणीतरी विचारलं, पुढच्या बाजाराला येशील का बाई. कमरजहाँ म्हणाली, येईन की, माल तेवढा हे आणून देतील. तिने जहीरकडे पाहिलंही नाही. इतक्या वर्षांची सवय मोडायला वेळ लागतो म्हणतात, तिला मुळीच लागला नाही.

दिवस मावळायला आला. जहीर गाडीभोवती घुटमळला. चाकांना लाथ मारून हवा पाहिली, रेडिएटरमध्ये पाणी टाकलं, काच पुसली, पुसलेली पुन्हा पुसली. कुणीतरी म्हणेल, आता कुठे जातोस, राहा. आजवर हे त्याला न मागता मिळालं होतं आणि त्याने ते बकरीसकट टपरीवर नेऊन वाटलं होतं. आज कुणी म्हणालं नाही. कुणाच्या मनात राग नव्हता. ज्याच्यापाशी आपलं घर आहे त्याला राहा म्हणून आग्रह करणं गावाला बरं दिसत नव्हतं, इतकंच.

शेवटी त्यानेच तोंड उघडलं. असं विचारायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती, त्यामुळे ते जरा मोठ्यानेच विचारलं गेलं.

"लच्छूभाऊ, आज ओसरीवर टाकू का अंथरून?"

लच्छू ओशाळला. त्याने मांडवाकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं. खाटेवर कमरजहाँची पिशवी ठेवलेली होती.

"ओसरीवर आता बाई झोपते जी," तो म्हणाला. "पोरीबाया साऱ्या तिच्यापाशीच झोपनार हायेत. तुह्यं घर हाये ना भाऊ."

तेवढ्यात ओसरीवरून कमरजहाँने आवाज दिला, गाडीतली लाल बांगड्यांची पेटीही काढून ठेवा, सकाळी शेजारच्या टोल्यावरच्या बाया येणार आहेत. जहीर पायरी चढून आत गेला, पेटी काढली आणि ओसरीच्या कडेला ठेवून झोपायला गाडीकडे वळला.